सरासरी न मानणारं रबर

पावसाळ्यात पाठीवर चिखलाची नक्षी काढणारी रबरी हवाई चप्पल आजवर कुणाच्या कौतुकाचा विषय झालेली नाही. ती दारात काढून ठेवायची वस्तू. लेखात आणायची तर तिथेही दबकतच शिरणार. पण तिच्या तळाची पातळ कापटी मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर एक गमतीची वस्ती दिसते. केरळातल्या झाडाचा चीक आणि रसायनांच्या कारखान्यात जन्मलेलं कृत्रिम रबर तिथे शेजारीशेजारी राहत असतात. शेजारीशेजारी म्हणतोय, एकत्र म्हणत नाही. माझी सगळी नोकरी रबराच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली, आणि तिथल्या बहुतेक भांडणांचं मूळ या फरकात होतं.

रबर ताणतं, उडतं, वहीतलं खोडतं. पण ते वाहतं असं कुणी म्हणत नाही. वाहावं ते पाण्यानं, तेलानं, फार तर मधानं. रबरही वाहतं, पण त्याची वेळ ठरलेली असते. गंधकाबरोबर शिजण्याआधीचं कच्चं रबर हा एक अतिशय घट्ट, अतिशय आळशी द्रव आहे. गोदामात कच्च्या रबराचे गठ्ठे एकावर एक रचून ठेवले, की काही दिवसांत खालचा गठ्ठा बुडाशी पसरायला लागतो. घाई नसते, पण वाटचाल चालू असते. पुढे गंधक आणि उष्णता यांची गाठ पडली, की लांबलांब साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि वाहणं संपतं. चार्ल्स गुडइयरला 1839 साली ही युक्ती सापडली. त्यामुळे टायर असो, नळी असो की चप्पल, तिला जो काही आकार मिळायचा तो शिजण्याआधी, रबर वाहतं आहे तोवरच मिळतो. रबराच्या कारखान्यातली निम्मी अक्कल ते वाहतं आहे तोवर त्याला वळवण्यात खर्च होते. उरलेली निम्मी, ते का वळलं नाही याचा अहवाल लिहिण्यात.

आता या दोघांची ओळख करून देतो. नैसर्गिक रबर हे झाडाचं लेकरू. पहाटे झाडाच्या सालीला तिरकी चीर द्यायची, करवंटीत चीक गोळा करायचा, त्यात फॉर्मिक आम्ल घालून तो साखळू द्यायचा, रुळांतून लाटून त्याचे पत्रे काढायचे आणि ते धुराच्या खोलीत वाळवायचे. आपल्या देशात या व्यवहाराची राजधानी कोट्टायम. रबर बोर्डाचं मुख्यालयही तिथेच. अलीकडे सिंधुदुर्गात दोडामार्गकडे गेलात तर रबराच्या बागा दिसतात, आणि त्या लावणाऱ्यांत केरळातून आलेले शेतकरी बरेच आहेत. झाडाला मात्र मराठी काय आणि मल्याळी काय, चीक तोच.

तोच म्हणायचा, पण अगदी तोच नव्हे. या मालात सुमारे चौऱ्याण्णव टक्के रबर असतं आणि उरलेल्या सहा टक्क्यांत प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, क्षार अशी मंडळी असतात. झाडाची जात बदलली, मोसम बदलला, धूर कमीजास्त लागला, की पत्र्यांचा स्वभाव बदलतो. शिवाय या रबराला एक खोड आहे. नुसतं गोदामात पडून राहिलं तरी ते आपलंआपण कडक होत जातं. कुणी बोललेलं नसतं, कुणी हात लावलेला नसतो; तरी दोन-चार महिन्यांनी पाहावं तर हे आधीपेक्षा ताठ. यावर उपाय म्हणून एका रसायनाचा लहानसा डोस देऊन घट्टपणा स्थिर ठेवलेलं रबर मिळतं. ते महाग असतं. स्थिर स्वभाव कुठेच स्वस्तात मिळत नाही.

दुसरं रबर म्हणजे स्टायरिन आणि ब्युटाडाइन यांच्यापासून बनवलेलं एसबीआर. हे सरळमार्गी. नेहमीच्या प्रकारात स्टायरिन साडेतेवीस टक्के, ते बनतं सुमारे 5 अंश सेल्सियसच्या थंडाव्यात, आणि जानेवारीतली पिशवी ऑगस्टमधल्या पिशवीसारखीच निघते. याचं थोरलेपण युद्धात सिद्ध झालं. 1942 च्या सुरुवातीला जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडिज घेतले आणि अमेरिकेचा रबराचा पुरवठा जवळपास तुटला. त्या वर्षाअखेरीस तिथे देशभर पेट्रोलवर जे रेशनिंग आलं, त्याचं मुख्य कारण पेट्रोलची टंचाई नव्हतं. लोकांनी गाड्या कमी चालवाव्यात आणि टायर वाचावेत, हा हेतू होता. मग सरकारने पैसा ओतला, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या कंपन्यांना एका टेबलाशी बसवलं, आणि युद्ध संपेपर्यंत लाखो टन कृत्रिम रबर तयार होऊ लागलं.

आपल्याकडे साठच्या दशकात बरेलीला हे रबर बनू लागलं ते मद्यार्कापासून. उसाची मळी, मळीपासून मद्यार्क, मद्यार्कापासून ब्युटाडाइन आणि त्यापासून रबर, अशी ती वंशावळ. त्यातून एक घटनात्मक पेच उभा राहिला: टायर बनवायला लागणारा मद्यार्क ही दारू समजायची की नाही आणि त्यावर कर लावायचा राज्याला अधिकार आहे की नाही? सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी राज्यांच्या विरुद्ध कौल दिला. तो निकाल 2024 साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी फिरवला. ट्रकचं चाक डुलत चाललेलं दिसलं तर दोष रस्त्याचाच असेल. पण कायद्याच्या नजरेत त्याच्या पूर्वजांचा इतिहास तितकासा स्वच्छ राहिलेला नाही.

आता दोघांना एकत्र आणायचं. का आणायचं, तर एकट्याने कुणाचंच भागत नाही. नैसर्गिक रबर कच्चं असतानाही दणकट असतं, एकमेकाला छान चिकटतं, ताणल्यावर आणखी मजबूत होतं, आणि आपटत धावताना कमी तापतं. एसबीआर झिजेला आणि उष्णतेतल्या म्हातारपणाला चांगलं तोंड देतं, पण कच्चं असताना त्याला चिकटपणा बेताचा आणि जोरही बेताचा. युद्धात घाईने टायर बनवणाऱ्यांना हे लगेच कळलं आणि मोठ्या ट्रकच्या टायरसाठी त्यांनी हाती असलेलं झाडाचं रबर जपून राखलं. आजही विमानाच्या टायरमध्ये भर नैसर्गिक रबरावर असतो, तर मोटारगाडीच्या टायरचा जमिनीला लागणारा भाग मुख्यतः कृत्रिम रबरांचा असतो. मधल्या असंख्य वस्तूंमध्ये दोघांची भागीदारी चालते.

भागीदारीची पहिली अट अशी, की झाडाच्या रबराची आधी रग जिरवायची. त्याच्या साखळ्या इतक्या लांब असतात, की ताजा पत्रा मिलवर टाकला तर तो रुळांवर नीट बसतच नाही, उड्या मारतो. मिल म्हणजे एकमेकांकडे फिरणारे दोन जाड लोखंडी रूळ, एक किंचित वेगाने आणि एक किंचित हळू. त्या फटीतून रबर पुन्हा पुन्हा काढलं, की साखळ्या ओढल्या जाऊन तुटतात, हवेतला ऑक्सिजन तुटलेली टोकं पुन्हा जुळू देत नाही, आणि रबर मऊ पडतं. ही रीत थॉमस हॅन्कॉकची. 1820 साली लंडनमध्ये त्याने रबराच्या कातरणांचे बारीक तुकडे करायला खिळ्यांचं एक यंत्र केलं. तुकडे व्हायचे सोडून आतून निघाला गरम, एकसंध गोळा. ही युक्ती इतरांना कळू नये म्हणून तो आणि त्याची माणसं त्या यंत्राला लोणचं म्हणत. शेजारच्या कारखानदाराला बरीच वर्षं वाटलं असेल, की हॅन्कॉक मंडळी फारच चवीने खातात.

या मऊ पडण्यातही एक तऱ्हेवाईकपणा आहे. थंड रुळांवर मळलं तर नैसर्गिक रबर लवकर तुटतं, कारण ते ताठ असतं आणि ताण साखळीपर्यंत पोचतो. खूप तापवलं तरी लवकर तुटतं, कारण मग ऑक्सिजन थेट कामाला लागतो. शंभर-एकशे दहा अंशांच्या आसपास मात्र ते सर्वांत कमी तुटतं. थंड डोक्याने काम घ्या किंवा चांगलं तापून घ्या. मध्यममार्गी माणसाला हे रबर दाद देत नाही. एसबीआरला यातलं काही विशेष लागू होत नाही. ते कारखान्यातून येतानाच बेताच्या लांबीच्या साखळ्या घेऊन आलेलं असतं आणि मिलवर कितीही घुमवलं तरी त्यात फारसा फरक पडत नाही. एकाला घडवावं लागतं, दुसरं घडून आलेलं असतं. दोघांना एकदमच मिलवर घातलं, तर एक मऊ होत जातो आणि दुसरा आहे तिथेच राहतो. मापं जुळवलेली असली तरी क्षणाक्षणाला बिघडत जातात.

हा मऊपणा मोजायचं यंत्र मेल्विन मूनी यांनी 1930 च्या दशकात अमेरिकेत तयार केलं. बंद डबीत रबर, त्यात पुरलेली खाचांची चकती. शंभर अंशांवर एक मिनिट तापू द्यायचं, मग चकती मिनिटाला दोन फेरे या चालीने चार मिनिटं फिरवायची आणि तिला किती जोर लागतो तो आकडा वाचायचा. जगभरचे रबरवाले या आकड्याला मूनी म्हणतात, आणि माल नाकारायला त्याच्याइतकं सोयीचं हत्यार नाही.

इथे सरासरीचा मोह होतो. समजा झाडाच्या रबराचा मूनी 80 आणि एसबीआरचा 50. दोन्ही निम्मं-निम्मं घेतलं तर मिश्रणाचा 65 यावा. शाळेतल्या गणिताप्रमाणे येतो. मिलवर सहसा येत नाही. कधी तो खाली घसरतो, कधी वर चढतो; उत्तरपत्रिकेशी जुळला तर तो योगायोग. आमच्याकडे नव्याने आलेले साहेब कागदावर 65 लिहून पाठवत आणि आकडा वेगळा आला, की मिलवरच्या मिस्त्रींकडे खुलासा मागत. मिस्त्री रुळावरून कापलेली पट्टी दोन बोटांत दाबून म्हणत, "साहेब, आकडा तुमच्यापाशी असू द्या. माल हाताला कसा लागतोय ते आधी बघा." खुलाशाच्या रकान्यात हे वाक्य लिहायची सोय नसल्यामुळे आम्ही 'तापमानातील फरक' असं लिहीत असू. हे कारण कधीच खोटं ठरत नाही.

खरं कारण सूक्ष्मदर्शकाखाली होतं. साखर पाण्यात विरघळते तशी ही दोन रबरं एकमेकांत विरघळत नाहीत. लहान रेणूंना मिसळण्यात जो मोकळेपणा मिळतो तो हजारो कड्यांच्या साखळीला मिळत नाही. तिची प्रत्येक कडी मागच्यापुढच्याला बांधलेली. त्यामुळे कितीही मळलं तरी एकात दुसऱ्याचे ठिपके राहतात. नीट मळलं तर हे ठिपके मायक्रॉनच्या घरातले. डोळ्यांना मिश्रण एकजीव दिसतं. पण ते थंड करत नेलं, की गुपित फुटतं. एसबीआर उणे पन्नासच्या आसपास काचेसारखं ताठरतं, नैसर्गिक रबर उणे सत्तरच्या आसपास, आणि मिश्रण या दोन्ही ठिकाणी आपली वेगवेगळी सही करून जातं.

ठिपके कुणाचे आणि अंगण कुणाचं, हा पुढचा प्रश्न. ज्याचं प्रमाण जास्त त्याचं अंगण, असं आपण लोकशाहीच्या सवयीने म्हणतो. प्रमाण महत्त्वाचं आहेच. पण प्रमाण जवळपास सारखं असलं तर निकाल मऊपणावर लागतो. जो अधिक सहज वाहतो तो पसरतो आणि दुसऱ्याला घेरतो. जो ताठ राहतो त्याची बेटं होतात. मग सगळ्या मिश्रणाचं वाहणं बाहेरच्याच्या स्वभावाने चालतं. घट्ट भागीदार निम्मा असूनही आत अडकून पडलेला असतो, आणि म्हणून आकडा सरासरीच्या खाली उतरतो.

उलट दोघांचा घट्टपणा जवळजवळ सारखा असला, तर ठिपके सर्वांत बारीक होतात. हे सांगायला पाठ्यपुस्तकांनी आलेख आणि समीकरणं खर्ची घातली आहेत. पुरणपोळी करणाऱ्या कुठल्याही बाईला ते विचारलं असतं तरी चाललं असतं. पुरण घट्ट आणि कणीक सैल असली, की लाटणं फिरताच पुरण गोळ्यानेच राहतं आणि पोळी फाटते. पुरण सैल आणि कणीक घट्ट, तर पुरण वाट मिळेल तिकडून बाहेर येतं. म्हणून पुरण शिजल्यावर ते बोटाने चाचपून मग कणीक त्याच्या मापाने तिंबायची. वजनाचं प्रमाण दोन्ही वेळा तेच असतं. बिघडतं ते वाहण्याचं प्रमाण. आमच्या मिलवरही पुढे हाच नियम झाला. नैसर्गिक रबर आधी एकट्याने मळायचं, त्याचा मूनी एसबीआरच्या मूनीजवळ आला, की मगच दुसऱ्याला हाक मारायची.

एवढ्यावर भागलं असतं तर रबरवाले लोक संध्याकाळी वेळेवर घरी गेले असते. पण त्यात काजळी घालायची असते. ही काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, रबराला बळ देते आणि घट्टही करते; आणि ती दोघांत समान वाटली जात नाही. तिचा ओढा नैसर्गिक रबरापेक्षा एसबीआरकडे जास्त असतो. शिवाय घालताना जो मऊ असेल त्याच्यातही ती आधी शिरते, आणि एकदा रबराला बिलगली, की सहसा घर बदलत नाही. त्यामुळे काजळी कधी आणि कुणात घातली यावर त्याच साहित्यातून दोन वेगळी मिश्रणं निघतात. पाककृती तीच, क्रम वेगळा, माल वेगळा. वजनाच्या चिठ्ठीवर यातलं काही उमटत नाही, म्हणून हिशेब तपासणाऱ्यांना सगळं ठीकठाक दिसतं.

पुढे हा माल यंत्राच्या तोंडातून, म्हणजे डायमधून ढकलायचा. इथे रबर आपली आणखी एक सवय दाखवतं. जितक्या वेगाने ढकलावं तितकं ते पातळ वागतं. मूनीची चकती फारच संथ फिरते. नळी काढणाऱ्या यंत्रात रबराच्या थरांचं घासणं तिच्या कितीतरी पट आणि साच्यात वेगाने भरताना हजार पटींच्याही पुढे जातं. साहजिकच मूनीवर सारखी दिसणारी दोन मिश्रणं वेगाच्या वेळी अगदी निराळी वागू शकतात. संथ चालीत सज्जन ठरलेला माल घाईत कसा वागेल, याचं प्रशस्तिपत्र मूनी देत नाही. त्यासाठी बारीक नळीतून वेगवेगळ्या चालींवर रबर ढकलून पाहणारं दुसरं यंत्र लागतं, आणि त्याची किंमत ऐकून मालकांचा मूनीवरचा विश्वास वाढतो.

डायमधून बाहेर पडताच रबर फुगतं, तेही ठरवल्यासारखं. आत दाबून लांबवलेल्या साखळ्यांना मोकळं होताच पूर्वीचा आकार आठवतो. मिश्रणात त्याशिवाय एकाचे ठिपके दुसऱ्यात असतात. तेही आत ताणले गेलेले असतात आणि बाहेर आल्यावर पुन्हा गोल व्हायला बघतात. त्यामुळे फुगवट्याचीही सरासरी नीट लागत नाही. काजळी जास्त असली तर हा फुगवटा आवरला जातो. डाय कापणारे जुने कारागीर नकाशातल्या मापापेक्षा तोंड मुद्दाम लहान कापतात, तेही मिश्रणागणिक वेगळ्या अंदाजाने. नवा माणूस नकाशाबरहुकूम डाय कापतो आणि दाराच्या रबरी पट्टीऐवजी अजगर काढतो.

शिजायची वेळ आली, की गंधक आणि त्याला घाई करायला लावणारी रसायनंही दोघांत सारखी राहत नाहीत. नैसर्गिक रबर लवकर शिजतं आणि भट्टीत जास्त वेळ राहिलं तर पुन्हा ढिलं पडतं. एसबीआर सावकाश शिजतं आणि सहसा ढिलं पडत नाही. वेळ ठरवायची ती दोघांनाही निभेल अशी.

इतकं वाचून कुणी विचारेल, की मग एकमेकांत न मिसळणारी ही दोन रबरं एकत्र आणायचा अट्टहास कशाला? तर टायरची बाजूची भिंत बघा. ती नैसर्गिक रबर आणि पॉलिब्युटाडाइन नावाचं दुसरं कृत्रिम रबर यांच्या मिश्रणाची असते, बहुतेकदा निम्मं-निम्मं. दर फेऱ्याला ती वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. एकाच रबरात पडलेली भेग वाढत जाते; इथे तिला पावलोपावली हद्द ओलांडावी लागते आणि तिची चाल मंदावते. म्हणजे न मिसळणं हा दोष नाही. मोठाले, ओबडधोबड ठिपके हा दोष. ते बारीक राहिले, तर त्या वेगळेपणावरच टायर हजारो किलोमीटर धावतो. एकजीव झालाच पाहिजे हा आपला हट्ट. टायरचा तसा काही आग्रह नाही.

प्रयोगशाळेतल्या आयुष्यातून मी एवढाच एक निष्कर्ष काढला आहे. घटकांचे आकडे जोडून मिश्रणाचा आकडा मिळत नाही. निम्मं-निम्मं हा वजनकाट्याचा हिशेब झाला. वाहण्याचा हिशेब कोण आधी मऊ झालं, कोण केव्हा आलं, काजळी कुणाच्या वाट्याला गेली आणि घाई किती होती यावर ठरतो. तेव्हा मिश्रणाचा आकडा काय येईल याचा अंदाज बांधत बसू नका, भागीदारांची जुनी प्रमाणपत्रं चाळू नका. मिश्रण करा, त्याचा तुकडा मूनीत घाला आणि वाचा. एक मिनिट तापायला, चार मिनिटं फिरायला. सगळी मिळून पाच मिनिटं लागतात.